पडद्यावर दिसणारा खडा

पोट न उघडता, बाहेरून आघात-लहरी सोडून मूतखडा फोडता येतो, हे आपण ऐकले असेल. त्या लहरी नेमक्या खड्यावरच कशा पडतात, हा प्रश्न मात्र मला यजमानांच्या आजारपणापर्यंत कधी पडला नव्हता.

त्यांचे वय ७४. खडा मूत्रपिंडात, सुमारे १ सेंटिमीटरचा. साध्या क्ष-किरण छायाचित्रात तो उमटेना. युरिक आम्लाचे खडे असेच त्या छायाचित्रातून निसटतात. सोनोग्राफीत मात्र पांढरा ठिपका आणि त्यामागची काळी सावली स्पष्ट दिसली. असे खडे औषधाने विरघळूही शकतात. तो उपाय आधी झाला, पण खडा पुरता गेला नाही.

म्युनिकमध्ये १९८० साली या पद्धतीने पहिला रुग्ण बरा केला, तेव्हा त्याला पाण्याच्या टबात बसवून क्ष-किरणांनी खडा शोधला होता. आता टब गेला. अनेक यंत्रांत सोनोग्राफीच वाट दाखवते. लहरी एका बिंदूवर एकवटतात, पण मूत्रपिंड श्वासाबरोबर वरखाली सरकते आणि खडा नेमातून सुटतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसल्याने पडद्यावर सतत नजर ठेवता येते. खडा सरकला की थांबायचे, पुन्हा नेम धरायचा. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा मात्र हाडे व आतड्यातील वायू यांमुळे सहसा दिसत नाही. तेथे सोनोग्राफीचाच हट्ट धरण्यात अर्थ नाही.

यजमानांना कमी ऐकू येते. यंत्राच्या टकटक आवाजात सूचना कशा कळणार? आम्ही आधीच ठरवून घेतले: खांद्यावर हात ठेवला की श्वास संथ करायचा. चार दिवस घरी पलंगावर त्याची तालीम चालली. आपल्या घरी असे कोणी असेल, तर हे जरूर विचारा.

खरी चिंता यंत्राची नव्हती, गोळीची होती. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवावी, तर मूत्रपिंडाभोवती रक्तस्राव होण्याचे भय. थांबवावी, तर स्टेंट बंद पडण्याचे. मूत्ररोगतज्ज्ञ हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले आणि गोळी कधी थांबवायची, कधी सुरू करायची, हे त्यांनी तारखेनिशी लिहून दिले. हा निर्णय आपण घरी घेऊ नये. आणि गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगायचे तर मुळीच राहू नये.

नंतर दोन दिवस लघवी गुलाबी होती, तसे होते. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली वा वेदना असह्य झाल्या, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. एका जुन्या गाळणीत आम्ही वाळूसारखे कण जमवले. तपासणीत ते युरिक आम्लाचेच निघाले.

पुढच्या सोनोग्राफीत एक बारीक कण अजून दिसतो आहे. तो आपोआप पडतो का, ते महिन्याभराने कळेल. तोवर पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी असतो आणि किती प्याले, याचा हिशेब माझ्याकडे.