वरचा धबधबा बंद आहे

"वरचा धबधबा सध्या बंद आहे," असं मी बाबांना निघण्याआधीच सांगून टाकलं होतं. ही त्या थापेची गोष्ट.

कामानिमित्त आम्ही घानात, आक्रा शहरात राहतो. २०२४ च्या दिवाळीला आई-बाबा आले होते (यलो फीवरची लस आणि ते पिवळं पुस्तक जिवापाड सांभाळत). फराळ झाला, समुद्र बघून झाला, मॉल त्यांना नको. मग वीकांताला कुठे? म्हटलं, व्लीला जाऊ. टोगोच्या सरहद्दीला खेटून डोंगर आहेत, तिथे घानातला सगळ्यात उंच धबधबा आहे. त्याचे दोन टप्पे. खालच्यापर्यंत जंगलातून जवळजवळ सपाट वाट, तासाभराच्या आतली. वरच्यासाठी मात्र खडा चढ, जाऊन-येऊन चार-पाच तास.

बाबा बहात्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आणि तरुणपणी हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने गेलेला माणूस! "जमेल का?" असं विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला पाठ आहे. म्हणून थाप. बायको म्हणाली, "सरळ नाही म्हण ना." मी म्हटलं, तू म्हणून बघ.

असो. शनिवारी पहाटे निघालो. अटिम्पोकूला व्होल्टा नदीवरच्या पुलाशी गाडी थांबली की बायकांचा गराडा पडतो. डोक्यावर तळलेली कोळंबी, चिमुकले मासे, पानात वाफवलेलं आबोलो. बाबांनी आबोलोचा तुकडा तोंडात टाकून "सांदणाची मावसबहीण" असं सर्टिफिकेट दिलं. नदीच्या वरच्या अंगाला अकोसोम्बो धरण आहे, १९६५ साली पुरं झालेलं. मी कौतुकाने तलावाचा आकार सांगायला लागलो (साडेआठ हजार चौरस किलोमीटर!), तर बाबांनी विचारलं, "माणसं किती उठवली?" सुमारे ८० हजार. बाबा मूळचे पाटणचे, कोयनेच्या पाण्याखाली त्यांच्या आजोळचं घर आहे. नंतर बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

व्लीला गाइड घ्यावा लागतो. आमचा विशीतला, हसरा पोरगा. त्याने "वोएझो" म्हटलं की उलट "यो" म्हणायचं, हे लेकीने दोन मिनिटांत आजोबांना शिकवलं. वाटेत तोच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. लेक पूल मोजत होती, पण आकडा दर वेळी चुकत होता. कोकोची झाडं दिसली, फळं फणसासारखी थेट खोडाला. बाबा आमच्या सगळ्यांच्या पुढे. मी मागून त्यांच्या पावलांकडे बघतोय, श्वास मोजतोय.

मग आधी गार वारा आला, मग तुषार, मग आवाज आणि मग एकदम तो पडदा. बाजूच्या कड्यावर हजारो वटवाघळं लटकलेली, भर दुपारी कलकलाट. आई "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागे. लेक गुडघाभर पाण्यात.

तेवढ्यात तीन-चार पोरं चिखलाने माखून आली. गाइड बाबांना अगदी कौतुकाने म्हणाला, "हे वरून आलेत. तुम्ही पण जाऊ शकता, उद्या सकाळी. मी नेईन."

बाबांना इंग्रजी उत्तम येतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गाइडला फक्त विचारलं, "किती वाजता?" माझ्या कानशिलात रक्त चढलं. कामावर खोटं पकडलं गेलं की "कम्युनिकेशन गॅप" म्हणून निभावता येतं. इथे काय म्हणणार? रात्री गेस्ट हाउसमध्ये जेवताना बाबा सगळ्यांशी बोलले, माझ्याशी नाही.

सकाळी सहाला दारावर टकटक. बूट घालून उभे. आम्ही तिघंच निघालो, ते, मी आणि गाइड. चढ खरंच खडा होता, रात्रीच्या पावसाने निसरडा झालेला. गाइड हात द्यायचा, तो ते घ्यायचे. माझा नाही.

पाऊण तासाने एका झाडाच्या मुळावर बसले. चेहरा लाल, शर्ट ओलाचिंब. माझ्या पोटात गोळा.

"बास," म्हणाले. "इथपर्यंतच."

मी पाण्याची बाटली पुढे केली. घोट घेतला, मग म्हणाले, "मला काय कळत नाही का, माझं काय झालंय ते? पण बंद आहे म्हणालास. नको जाऊया म्हणायचंस."

"ऐकलं असतंत?"

"भांडलो असतो." मग जरा थांबून, "दोन दिवस."

वरून पाण्याचा आवाज येत होता, धबधबा काही दिसत नव्हता. बाबांनी पिशवीतून चकलीचा डबा काढला आणि पहिली चकली गाइडला दिली.