'झी' म्हणजे तुम्ही

जर्मनच्या क्लासमध्ये पाठ केलं होतं: 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. पण हे 'झी' कुणी मला म्हणेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

हायडेलबर्गच्या हिवाळी सेमिस्टरमध्ये साठीतले प्राध्यापक 21 वर्षांच्या मला 'झी' म्हणायचे. तिथे ही साधी रीत आहे. मला मात्र अवघडल्यासारखं व्हायचं. आपल्याकडे सर 'तू' म्हणतात. त्यात माया असते आणि एक सोयही असते: उत्तर सरांकडे, आपण फक्त वही काढायची.

'झी'मध्ये ती सोय नाही. दीड तासाच्या सेमिनारमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून यायचा, "तुम्हाला काय वाटतं?" पुस्तकातलं सांगितलं की उत्तर यायचं, "हे लेखकाचं झालं. तुमचं?" शेवटी सगळे बाकावर बोटांनी टकटक करायचे. तिथल्या टाळ्या त्याच.

डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा. अशाच एका संध्याकाळी मी निबंधात लिहिलं, 'हे मला पटत नाही.' खाली तीन कारणं. आयुष्यात पहिल्यांदा.

आता परत आलेय. सर 'तू'च म्हणतात, ते मला आवडतंही. पण "सर, मला वेगळं वाटतं" म्हटलं की मागून आवाज येतो, "फॉरेन रिटर्न!"

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही बरंच काही पटत नसतं. ती गप्प बसते. तिला विमानाचं तिकीट परवडणारं नाही. तिला "तुझं काय मत?" हे इथेच, 'तू' म्हणूनच, कुणीतरी विचारायला हवं.