आजीचा हात, मावशींची मालिश

आम्हा भावंडांच्या लहानपणी व्यायामासाठी वेळ काढावा लागत नसे. आंघोळीआधी नमस्कार घालायचे, ते घातल्याशिवाय चहा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानाच्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले आणि 1938 साली लंडनमध्ये त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तकही निघालं. आजोबा साताऱ्याकडचे, औंधच्या शाळेत शिकलेले. आमची रांग अंगणात लागली की ते मागे उभे राहत आणि कुणी ढिला पडला की पाठीवर बोट टेकवून म्हणत, "कंबर पडली, उचल. श्वास कोंडू नकोस." जोर-बैठका फक्त मुलांना आणि नमस्कार मात्र सगळ्यांना, हा त्यांचा नेम मुलींना तेव्हाही पटत नसे.

रात्र आजीची. पायाला गोळे आले, डोळ्यांची आग झाली की ती काशाची वाटी काढायची. तळव्याला साजूक तूप चोळायचं आणि वाटीचा पालथा तळ टाचेपासून बोटांपर्यंत गोल फिरवायचा. खळग्यापाशी हात हलका, टाचेला भार. तळवा हळूहळू काळा व्हायचा. आजी म्हणायची, "बघ, उष्णता निघाली." तो काळेपणा काशाचा आणि तुपाचा असतो. पण पाय हलके व्हायचे, झोप गाढ लागायची. ताप चढला तर मात्र आजीच आजोबांना डॉक्टरांकडे पिटाळायची.

घरात बाळंतीण आली की मालिशवाल्या मावशी सव्वा महिना येत. पाय लांब करून त्यावर बाळाला पालथं घालत, कोमट तेलाचा हात पाठीवरून खाली ओढत. मग बाळंतिणीची कंबर, पाठ, मांड्या. वर कढत पाणी, पोटाला घट्ट पट्टा. खोली बंद करून शेगडीवर ओवा-शेपांची धुरी देत. त्या धुरात तान्ह्याला ठेवायचे हे वाईटच होतं, ते गेलं ते बरं झालं. मालिश मागे पडली याचं मात्र मला फार वाईट वाटतं. बाळाकडे बघायला सगळं घर असायचं. त्या पोरीच्या दुखऱ्या अंगाकडे तासभर लक्ष द्यायच्या त्या फक्त मावशी. म्हणून सुनेच्या बाळंतपणात मी डॉक्टरांना विचारून घेतलं, धुरीला नाही म्हटलं आणि मावशींना मात्र सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं.