घोसाळगड ते दिघी : डोंगर हाती आले, मग अडले कुठे?

१/५
जंजिरा अजिंक्य का राहिला, याचे उत्तर बहुतेक जण राजपुरीच्या होडीत बसून शोधतात. घोसाळगडावरून तीन दिवस रान तुडवीत दिघीला पोहोचणाऱ्या वाटसरूला ते निराळे दिसते.

२/५
घोसाळगडाच्या ढासळलेल्या दरवाजापाशी शरभशिल्पे झुडपांत पडून आहेत. दुसऱ्या दिवशी तळगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले. राखलेल्या १२ किल्ल्यांत रायगड-राजगडांच्या पंक्तीला हे दोन लहान गडही होते. कारण तळगडाच्या माथ्यावर उमगते : खाली मांदाडची खाडी, सिद्दीच्या दाराशी जाणारी वाट.

३/५
ही वाट फार जुनी. खाडीकाठच्या कुडे येथील २६ लेण्यांत महाभोज घराण्याबरोबर माळ्याचे आणि वैद्याचेही दानलेख आहेत.

४/५
तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. खाडीच्या मुखाशी जंजिरा, पलीकडे महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी सुभेदार जिवाजी विनायक यांना पत्रातून खडसावले; पद्मदुर्गाच्या कामी नेमलेला ऐवज व गल्ला आरमाराला पोहोचला नव्हता.

५/५
डोंगरी गडाला रसद पाठीवरूनही चढते. पाण्यातल्या गडाला होडी, भरती आणि वेळेवर हलणारा अंमलदार, तिन्ही लागतात. सिद्दीचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. दिघीच्या धक्क्यावर उतरल्यावर जंजिऱ्याच्या तटाइतकीच मधल्या पाण्याची रुंदीही नजरेत भरते.