खाजागुड्याची रांग

कळसूबाईची १,६४६ मीटर उंची पायांत मुरलेल्या मराठी भटक्याला खाजागुड्याच्या पायथ्याशी हसू येईल. हैदराबादच्या पश्चिमेला, गचीबावली आणि मणिकोंडा यांच्यामध्ये ही खडकाळ रांग आहे, भोवती काचेच्या इमारतींचा वेढा. चढ लवकर संपतो. तरीही या रांगेचं मोल उंचीवर ठरवणं चूक आहे, हे मला वाटेतला दगडच पटवून देतो. सह्याद्रीतल्यासारखा काळा, थरांचा बेसॉल्ट इथे नाही. करडा-गुलाबी, खरखरीत ग्रॅनाइट आहे. उतरत्या कातळावरही बूट घट्ट बसतो आणि हात टेकला की फेल्डस्पारचे दाणे तळव्याला टोचतात. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा.

वर एकावर एक तोललेले धोंडे दिसतात. ते कुणी रचलेले नाहीत, घरंगळत आलेलेही नाहीत. जमिनीच्या पोटात थिजलेल्या ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या चिरा गेल्या, त्यांतून पाणी मुरलं, कोपरे आधी झिजले, कांद्यासारखे पापुद्रे सुटले. मुरूम वाहून गेला आणि गाभे जागच्या जागी उरले. म्हणजे एकेका धोंड्याचं रूप हे त्या जागेचं आणि शेजारच्या धोंड्यांचंही रूप आहे. माझं म्हणणं इतकंच, की जपायची तर सबंध रांग जपावी, निवडक दगड नव्हे.

यावर कुणी म्हणेल, तेलंगणात ग्रॅनाइटला काय तोटा? वाढत्या शहराला घरंही हवीत, खडीही हवी. खरं आहे. पण खडी शहराबाहेरच्या खाणीतून आणता येते. लोकांना पायी गाठता येईल अशी रांग आणता येत नाही. शिवाय इथून जवळच्या गोवळकोंड्याने बांधकाम आणि खडक यांचं वैर नसतं हे केव्हाच दाखवलंय: तिथे प्रचंड धोंडेच तटबंदीत सामावून घेतलेत. दुसरा आक्षेप असा, की श्रद्धा टेकडी राखतेच. इथे बाबा फक्रुद्दीन यांचा दर्गा आहे, अनंतपद्मनाभाचं मंदिर आहे, पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांनी १९५१ मध्ये एकांतवास केला ती गुहाही आहे. पण श्रद्धेची राखण देवस्थानाभोवतीच संपते, आणि खडकांवर रंग फासणारे हात भाविकांचे असतात तसे सहलीला आलेल्यांचेही असतात.

मग कायदा? ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ १९९६ पासून झटते आहे, काही खडकांची नावं वारसा यादीतही आली. मात्र २०२५ मध्ये जवळच्याच कांचा गचीबावलीत आधी बुलडोझर फिरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला वृक्षतोड थांबवावी लागली. संरक्षण यंत्रं येण्याआधी हवं. खाजागुड्याच्या पूर्ण रांगेची हद्द आखून ती जाहीर झाली पाहिजे. आणि इथे चढणाऱ्यांनी आपला कचरा खाली नेण्याइतकीच ही मागणीही आपलं काम मानावं.