मासा, उन्हाळा आणि काकांचा ‘पाग’

पहाटेचे पावणेपाच. टेक्सासमधला जुलै. इतक्या पहाटेसुद्धा हवेत असा दमटपणा की टी-शर्ट अंगाला चिकटलेला. बोटीत आम्ही तिघं : मी, माझा चुलतभाऊ म्हणजे दादा आणि दादाचे बाबा, माझे काका. आणि सुकाणूवर आमचा गाइड. साठी ओलांडलेला, उन्हानं तांबूस झालेला पक्का टेक्सन. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘कसा पकडायचाय मासा?’’

मी मनात म्हटलं, गळानं. अजून कसा? पण नाही! स्ट्राइप्ड बास नावाच्या माशाला उन्हाळ्यात गाठायचं म्हणजे आधी पद्धत ठरवावी लागते. आणि आमच्या बोटीत माणसं तीन, मतं तीन. टिपिकल मराठी बोट!

आधी थोडा फ्लॅशबॅक. काकू जाऊन आठ महिने झाले होते. दादानं हट्टानं काकांना अलिबागहून डॅलसला नेलं. मी एका कामासाठी तिकडे गेले तर काका सोफ्यावर. टीव्ही चालू, आवाज बंद. विचारलं तेवढ्यालाच उत्तर, तेही ‘हो’ किंवा ‘नको’. जन्म खाडीकाठी गेलेला माणूस असा एसीत बसून विझत चाललेला बघवेना. मग दादानं ही ट्रिप बुक केली. डॅलसपासून गाडीनं तास-सव्वा तासावर लेक टेक्सोमा. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर रेड रिव्हर अडवून बांधलेल्या डेनिसन धरणाचा हा अवाढव्य जलाशय. धरण पूर्ण झालं 1944 मध्ये. तलाव दोन राज्यांत, पण दोन्हीकडे मासेमारीला चालणारं एकच टेक्सोमा लायसन्स मिळतं. आपल्याकडे असतं तर आधी दोन राज्यांची केस कोर्टात गेली असती!

आता पद्धतींचा फंडा. पहिली, टॉपवॉटर. पहाटे स्ट्राइपरच्या झुंडी शॅड नावाच्या छोट्या माशांना हाकत वर आणतात आणि पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं. त्यात पाण्यावर तरंगणारं नकली आमिष टाकायचं, झटके देत ओढायचं. सॉल्लिड थ्रिल, पण तासाभराचा खेळ. ऊन चढलं की शो संपला. दुसरी, जिगिंग. सोनारच्या पडद्यावर मासे शोधायचे आणि धातूचं जड चकचकीत आमिष सरळ त्यांच्या डोक्यावर सोडून वर-खाली नाचवायचं. तिसरी, ट्रोलिंग. बोट हळू चालवत खोलवर सोडलेली आमिषं मागून ओढत न्यायची. आणि चौथी, जिवंत शॅड गळाला लावून हव्या त्या खोलीवर सोडायचा आणि वाट बघायची.

दादा आयटीवाला. त्याचं मत अर्थातच सोनार. मला टॉपवॉटर हवं होतं. फोटो झकास येतात, शिवाय मी मनाशी ठरवलं होतं की मासा पकडून परत सोडायचा. कॅच अँड रिलीज! किती कूल, किती सुसंस्कृत वगैरे. काका? काका पाण्याकडे बघत गप्प.

तेवढ्यात गाइडनं उथळ पाण्यात बोट नेली, एक गोल जाळं हातावर घेतलं, कडेची शिशाची माळ सावरली आणि गर्रकन फेकलं. आमिषासाठी शॅड पकडायला. काका एकदम ताठ बसले.

‘‘अरे, हा तर पाग!’’

महिन्याभरात त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. पुढच्या फेकीला जाळं काकांच्या हातात होतं. पहिला पाग वेडावाकडा पडला. दुसरा पडला तो पुरणपोळीसारखा गोल! गाइडनं शीळ घातली.

शॅड टाकीत गेले आणि काकांचे प्रश्न सुरू झाले. दुभाषी मी. हा मासा समुद्राचा ना? मग तळ्यात कसा? गाइड खुलला. स्ट्राइपर मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा. राहतो समुद्रात, अंडी घालायला येतो नदीत. टेक्सोमात तो 1965 पासून सोडायला सुरुवात झाली. बऱ्याच तलावांत त्याची पिल्लं दरवर्षी आणून सोडावी लागतात, कारण त्याच्या अंड्यांना वाहतं पाणी लागतं. ती फुटेपर्यंत तरंगत राहायला हवीत, तळाशी बसली की मेली. टेक्सोमाला वरून रेड आणि वॉशिटा या दोन लांबलचक नद्या मिळतात, म्हणून इथं तो स्वतःच वाढतो.

‘‘म्हणजे आपल्या जिताड्याच्या उलट,’’ काका म्हणाले. ‘‘तो अंडी घालतो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्यात. पिल्लं गोड्यात वाढतात. आपल्या गावच्या तळ्यात सोडतात की.’’ मास कॉमची डिग्री घेऊन मला हे ठाऊक नव्हतं, आणि तेसुद्धा माझ्याच गावाबद्दलचं!

साडेसहाच्या सुमाराला पाणी उकळायला लागलं. मी आमिष फेकलं, दोन झटके दिले आणि धाडकन... काय सांगू! हातातला रॉड निसटतो की काय असं वाटलं. पाच-सहा मिनिटं झुंज. अंगावर काळ्या रेघांचा, चंदेरी, देखणा मासा. मग फोटो. एक नीट आला नाही म्हणून दुसरा. मग काकांबरोबर तिसरा. मग ‘बाय बाय’ म्हणत पाण्यात सोडला. शेपटी हलवत गेला. मला काय पवित्र वाटलं म्हणून सांगू!

अर्ध्या-पाऊण तासानं, थोड्या अंतरावर पांढरं पोट वर करून एक स्ट्राइपर तरंगताना दिसला.

गाइडनं टोपी मागे सरकवली आणि ओरडा न करता समजावलं. मोठ्या स्ट्राइपरला गार पाणी लागतं, साधारण पंचवीस अंशांच्या आतलं. जुलैत वरचं पाणी तिशीला टेकतं. गार पाणी असतं तळाशी, पण उन्हाळ्यात वरचं गरम आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे तळातला ऑक्सिजन संपतो. म्हणजे वरून उकाडा, खालून घुसमट. बिचारे मधल्या पट्ट्यात दाटीवाटीनं उभे, आपल्या विरार लोकलसारखे! अशात मासा झुंजून दमला, गरम पाण्यातून वर आला, वर फोटोसाठी हवेत धरला, की सोडल्यावर पोहत जातो खरा. पण पुष्कळदा नंतर मरतो. हिवाळ्यात सोडणं ही दया. जुलैत तो निव्वळ देखावा.

‘‘तो माझाच होता का?’’ मी विचारलं. गाइडनं खांदे उडवले.

काका म्हणाले, ‘‘तुझाच असेल असं नाही, बाय. पण तुझा नसेलच असंही नाही.’’

त्यानंतर पद्धत आपोआप ठरली. जिवंत शॅड, आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकणारा, आत वळलेला गोल गळ. नियमानं माणशी दिवसाला दहा मासे नेता येतात, त्यातले वीस इंच आणि त्याहून मोठे फक्त दोन. म्हणजे आम्हाला तिघांत तीस! काकांनी विचारलं, ‘‘घरी खाणार किती?’’ दादा म्हणाला, ‘‘सहा पुरे.’’ ‘‘मग सहा. सहाव्याला गळ वर.’’

ऊन चढलं. सोनारवर सुमारे दहा मीटरांवर झुंड दिसत होती (दादा खूश!). गाइड लाकडी दांडा घेऊन बोटीच्या तळावर धपाधप आपटायला लागला. त्या आवाजानं स्ट्राइपर कुतूहलानं जवळ येतात म्हणे. काका खळखळून हसले. ‘‘आम्ही काठी आपटतो ती माशांना जाळ्याकडे पळवायला. हे आपटतात बोलवायला!’’

गोल गळाचा एक नियम आहे. मासा लागला की हिसका द्यायचा नाही. दोरी ताणू द्यायची, मग शांतपणे गुंडाळायची. मी दोनदा हिसका दिला, दोन्ही मासे गेले. काकांनी सहापैकी चार पकडले. ‘‘घाई करायची नाही गं,’’ एवढंच म्हणाले.

धक्क्यावर गाइड मासे साफ करायला बसला आणि तुकड्यांच्या कडेचा लालसर भाग कापून टाकायला लागला. त्याला उग्र वास येतो, म्हणाला. काकांना ते अजिबात पटलं नाही. ‘‘चिंच असली की कसला आलाय वास? तुझी काकू...’’

आणि ते थांबले. आम्हीही थांबलो. मला घाईनं काहीतरी बोलून ती शांतता भरून काढावीशी वाटली. पण नाही बोलले. दोरी ताणू दिली.

‘‘तुझी काकू,’’ मग तेच म्हणाले, ‘‘जिताड्याचं कालवण करायची ना, तर चिंच आदल्या रात्री भिजत घालायची. आता इतक्या उशिरा भिजवून कशी चालेल? पण बघू.’’

डॅलसला पोचेपर्यंत सबंध रस्ताभर ते बोलत होते. लग्नानंतर काकूला मासे निवडायला कसे शिकवले, मग तिनंच त्यांना कसं शिकवलं. दादा गाडी मुद्दाम हळू चालवत होता.

संध्याकाळी कालवण झालं. चिंच कमी भिजली होती, मीठ जास्त पडलं होतं. काका दोनदा भात घेऊन जेवले. माझ्या कॅमेऱ्यात ते तीन फोटो अजून आहेत. तिसऱ्यात काकाही आहेत, म्हणून तो ठेवलाय. पहिले दोन अजून कुणाला दाखवले नाहीत.