बनारसमधील एक व्याख्यान आणि ‘आम्ही भारताचे लोक’

१/ संसद लोकांनीच निवडलेली असते. मग तिला राज्यघटनेत वाटेल तो बदल करता येतो का? भारतात या प्रश्नाचे उत्तर घडवणाऱ्यांत एक जर्मन अभ्यासकही होता, हे प्रथम वाचले तेव्हा मला नवल वाटले. डीट्रिश कॉनराड हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत विधी विभागाचे प्रमुख होते.

२/ फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकारावरील गर्भित मर्यादांविषयी व्याख्यान दिले. त्यांचे प्रश्न थेट होते. दोन तृतीयांश मते मिळाली म्हणून अनुच्छेद २१ रद्द करून कायद्याच्या आधाराविना कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता येईल का?

३/ या प्रश्नांमागे जर्मनीची जखम होती. मार्च १९३३ मध्ये जर्मन संसदेने हिटलरच्या सरकारला कायदे करण्याचा अधिकार बहाल केला. विरोधकांना अटक झाली होती, सभागृहात धाकदपटशा होता. पण दोन तृतीयांशांची अट कागदावर पूर्ण झाली. म्हणूनच १९४९ च्या जर्मन घटनेने मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही यांची मूलतत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली.

४/ कॉनराड यांचा युक्तिवाद असा: घटना निर्माण करण्याची सत्ता लोकांची, दुरुस्तीचा अधिकार मात्र त्या घटनेने दिलेला. ज्या खांबांवर हा अधिकार उभा आहे, तेच तो पाडू शकत नाही.

५/ गोलकनाथ खटल्यात (१९६७) ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी हा विचार न्यायालयापुढे मांडला. न्यायालयाने त्यात तथ्य मानले, पण त्यावर निर्णय दिला नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी मूलभूत संरचनेचे तत्त्व स्वीकारले. न्या. खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा उल्लेख आहे.

६/ पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड तेव्हा अल्पमतात होते. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने संसदेच्या या अधिकाराला कोणतीच मर्यादा नाही, असे घोषित केले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ती तरतूद रद्दबातल ठरवणारे बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश चंद्रचूड यांनीच लिहिले.

७/ तरीही एक अस्वस्थता उरते. लोकांच्या सार्वभौमत्वाची राखण लोकांनी न निवडलेल्या न्यायाधीशांनी करावी, आणि तीही एका मताच्या फरकाने? या आक्षेपात बळ आहे, असे मला वाटते. पण १९३३ चा दाखला समोर ठेवला की मी कॉनराड यांच्याच बाजूला झुकतो. आजचे बहुमत म्हणजे समस्त ‘लोक’ नव्हेत. काल हरलेले आणि उद्या मतदार होणारेही त्यांत येतात. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर मांडा. मात्र त्याआधी न्या. खन्ना यांचे निकालपत्र मुळातून वाचा.